सरकोबाचे दस्तगीरचाचा

दस्तगीरचाचांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी हातातल्या हातोडीच्या दांड्यानं माझ्या कपाळावर टक् टक् असं दोनदा वाजवलं, कान जवळ आणून ऐकलं आणि मागं उभ्या असलेल्या गँगला सांगितलं, "भरीव हाय. चालंल."

मी रेल्वेत लागलो तो असा. दुसरं कुणी असतं तर तोच दांडा हिसकावून मी त्याच्या कपाळाचा आवाज काढला असता. आमच्या घराण्यात कुणी कुणाचं ऐकून घेत नाही. पण गँगची माणसं खिदळत होती आणि चाचा मुळीच हसत नव्हते. त्यांना माझ्या डोक्याचा आवाज मनापासून पसंत पडला होता. भरीव म्हणजे चांगलं की वाईट, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. चांगलंच असणार, असं धरून चाललो.

तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि परळीला रेल्वे नवी होती. मी दोन यत्ता शिकलेला माणूस. हे लिहिताना जिथं ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यानं आपलं बरोबर करून घ्यावं. चाचा तर एकही यत्ता शिकलेले नव्हते, पण लोखंड वाचायचे. आजकालच्या पोरांना असं सांगितलं की पोरं एकमेकांकडं बघतात. बघू देत.

परळीच्या अलीकडं आमच्या शिवारातून एक ओढा जातो. उन्हाळ्यात त्यातून शेळीसुद्धा खूर न भिजवता जाते आणि श्रावणात त्यात उतरायला म्हैस भिते. त्या ओढ्यावर एका गाळ्याचा लोखंडी पूल होता. दोन्ही अंगाला माणसाच्या तिप्पट उंचीच्या जाळ्या, त्रिकोणाला त्रिकोण लावून केलेल्या, आणि त्यांच्या मधून गाडी जायची. रेल्वे नवी, पण पूल जुना होता. कुठल्या तरी लांबच्या लाइनीवर अर्धं आयुष्य काढलेला तो पूल सोडवून, तुकड्यातुकड्यावर पांढऱ्या रंगानं आकडे टाकून, वाघिणीत, म्हणजे मालाच्या उघड्या डब्यात, भरून इथं आणला आणि आमच्या ओढ्यावर पुन्हा जोडला. त्याच वाघिणीत, त्याच तुकड्यांवर घोंगडी टाकून दस्तगीरचाचा आले. नवरीबरोबर पाठराखीण येते तसे. दाढी काळी होती तेव्हापासून ते त्या पुलापाशी होते. आमच्याकडं आले तेव्हा ती पांढरी व्हायला लागली होती.

"पुलासंग आलो, पुलासंग जाईन," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. भाकरी सोडताना म्हणायचे, नमाजाहून उठताना म्हणायचे, कुणी काही विचारलं नसलं तरी म्हणायचे.

ते पुलाचे जमादार, आणि त्यांचं काम रिबिटं वाजवायचं. रिबिट म्हणजे लोखंडाच्या दोन पट्ट्या एकमेकींना धरून ठेवणारा जाड खिळा, दोन्हीकडून डोकं ठोकलेला. असली रिबिटं त्या पुलाला इतकी होती की मोजायला बसलेला माणूस मध्येच जेवून उठायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. चाचा रोज थोडी थोडी वाजवत जायचे. घट्ट रिबिट खणखणीत बोलतं, ढिलं रिबिट घोगरं बोलतं. ढिलं सापडलं की त्याच्याशेजारी चुन्याचा ठिपका द्यायचा आणि वर कळवायचं. "माणूस झूट बोलंल, लोखंड न्हाई बोलनार. त्याला जीभच न्हाई तर ते झूट कशानं बोलंल?" हे त्यांचं तत्त्वज्ञान.

अडचण एवढीच होती की ही सवय पुलापाशी थांबली नाही. परळीच्या बाजारात माठ घ्यायला गेले की कुंभारणी पदर खोचून आपापल्या माठांपुढं उभ्या राहायच्या. चाचा तीस माठ वाजवायचे, एकतिसावा घ्यायचे आणि त्यात एखादा फुटला तर कुंभारणीलाच शाबासकी द्यायचे, की बाई, तुझं नशीब, हा खोटा होता, गिऱ्हाइकाच्या घरी फुटला असता तर तुझी बदनामी झाली असती. टरबुजं वाजवायचे, जात्याची पाळू वाजवायचे. एकदा हकिमाकडं खोकल्याचं औषध आणायला गेले आणि हकिमाचीच छाती वाजवून, "हकीमसाब, आपके अंदर बी कुछ ढिला है," म्हणून परत आले. लेकीचं लग्न ठरवताना होणाऱ्या जावयाच्या पाठीवर त्यांनी मुठीनं तीन ठोके दिले. जावई खोकला नाही म्हणून लग्न झालं. ती लेक युसूफ वडगावला दिली होती आणि तिचं बरं चाललं होतं, हे मला कबूल करावं लागेल.

आता सरकोबाचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यापासून झालं.

लोखंड उन्हानं वाढतं आणि थंडीनं आखडतं. एवढा मोठा पूल दोन्ही टोकांना बांधून टाकला तर वैशाखात तो जाईल कुठं? म्हणून त्याचं एक टोक काठाच्या दगडी बांधकामात पक्कं बसवलेलं होतं आणि दुसरं टोक लोखंडी लाटण्यांवर ठेवलेलं होतं. पोळीच्या लाटण्यासारखीच, पण मांडीएवढी जाड. पूल वाढला की ते टोक लाटण्यांवरून बोटभर पुढं सरकायचं, आखडला की मागं यायचं. चाचांनी तिथल्या दगडावर छिन्नीनं दोन रेघा मारल्या होत्या, एक पौषाची आणि एक चैत्राची. टोक कुठं आलंय ते बघून ते सांगायचे की औंदा ऊन किती आहे.

हे मी घरी सांगितलं. आमच्या शेजारी सखूबाई राहायच्या, नव्वदीच्या घरातल्या, एका डोळ्यानं दिसणाऱ्या आणि दोन्ही कानांनी ऐकू येणाऱ्या. त्या काठी टेकत आल्या, पौषाची रेघ बघून गेल्या, चैत्रात पुन्हा आल्या, आणि लाटण्यांना हळदीकुंकू वाहून मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, "बाकीचे देव बसल्या जागी बसत्यात. ह्यो तरी हालतो."

झालं. पुढच्या आठवड्यात नारळ आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेल-शेंदूर आला. देवाला नाव पाहिजे म्हणून सरकोबा हे नाव पडलं, ते कुणी ठेवलं कुणास ठाऊक. ज्याचं काही म्हणून सरकत नाही तो सरकोबाला नवस बोलायला लागला. कचेरीत कुणाचा कागद अडला, सरकोबा. कुणाच्या पोरीचं जमत नाही, सरकोबा. एका पाटलाचं पोट आठ दिवस साफ नव्हतं, त्यानं तर देवापुढं आडवं पडून नवस केला आणि ओढा ओलांडून घरी पोचायच्या आत तो फळाला आला.

आता या देवाचा पुजारी कोण, तर दस्तगीरचाचा. दिवसभर तिथं असणारा दुसरा होता कोण? लोक नारळ त्यांच्या हातात द्यायचे. ते आधी वाजवून बघायचे, मग फोडायचे. कुजका नारळ सरकोबाला त्यांनी कधी जाऊ दिला नाही. त्यांचं सगळ्यांना एकच सांगणं असायचं, "शेंदूर वरून लावा, लाटण्यात जाऊ देऊ नका. देवाला पाय हलवाया जागा ठिवा."

मीही नवस बोललो होतो. माझं लग्न दोन वर्षं एका जागी अडून बसलं होतं. मुलीकडचे म्हणायचे मुलगा हट्टी आहे, आणि मी म्हणायचो की नाही, मुळीच नाही, आणि त्यावरून भांडण व्हायचं. सरकोबाला सांगितलं की हे सरकव, तुला चिरेबंदी ओटा बांधतो. माघात लग्न लागलं.

त्याच सुमाराला वरून खबर आली की मोठी जड इंजिनं येणार आहेत, जुना पूल ती पेलणार नाही, तेव्हा तो काढून नवा बसवायचा. जुन्याचं काय करायचं ते बडे साहेब येऊन ठरवणार होते. पूल धड निघाला तर बीदरकडच्या एका फाट्यावर हलक्या गाड्यांसाठी जाईल. वाकलेला, थकलेला निघाला तर भट्टीत. आणि त्याच्याबरोबर जायचं म्हटलं तर चाचा बीदरकडं जातील, कारण भट्टीत कुणी जमादार नेत नाही.

चाचा त्या दिवसापासून जे रिबिटं वाजवत सुटले ते थांबेनात. लेकीच्या लग्नाआधी बाप दहादा घर झाडतो तसं चाललं होतं. प्रत्येक रिबिट वाजवून झालं, एकही घोगरं निघालं नाही, तेव्हा कुठं त्यांनी आठ दिवसांची रजा काढली. आता बीदरकडं गेल्यावर लेक परत कधी दिसणार, म्हणून युसूफ वडगावला तिचा निरोप घ्यायला निघाले. जाताना मला म्हणाले, "ग्यानबा, ओटा बांधायचा तर बांध. पर लोखंडापासून इतभर लांब बांध."

मी हो म्हणालो.

आता माझा बाप गवंडी होता. तो सांगायचा की बांधकामात बोट शिरलं तर समजावं बांधणाऱ्याचं लक्ष नव्हतं. मी ओटा बांधायला घेतला, चिरे घासून घासून बसवले, आणि शेवटी लोखंडाजवळ ती वीतभर फट अशी काही दिसायला लागली की मला जेवण जाईना. वाटलं, लोक नवस फेडायला येतील, फट बघतील आणि म्हणतील ग्यानबाला काम येत नाही. चाचा काय, लोखंडातले. त्यांना चुन्यातलं काय कळतं? मी ती फट चुना आणि दगडाच्या कपच्यांनी ठासून भरली. वरून शेंदूर फासला. ओटा असा झाला की मुंगी आत शिरली नसती. सखूबाईंनी एका डोळ्यानं बघितला आणि म्हणाल्या, "लई झ्याक." मी आजही सांगतो, काम झ्याकच होतं.

चाचा परत आले ते ताप घेऊन. बारा दिवस अंथरूण धरून होते. आणि त्याच बारा दिवसांत चैत्र तापला.

एका दुपारी आम्ही सावलीला भाकरी खात होतो. पुलाकडून आधी दात खाल्ल्यासारखा आवाज आला, मग कण्हल्यासारखा, आणि मग तोफ उडावी तसा धडाका झाला. झाडावरचे कावळे उडाले. लांब स्टेशनावर मास्तर टेबलाखाली गेले आणि बराच वेळ तिथूनच येणाऱ्याजाणाऱ्याला काय झालं म्हणून विचारत राहिले. जाऊन बघतो तर काठाचा सगळ्यात मोठा दगडी चिरा उभा तडकला होता. पुलाला सरकायला जागा नव्हती. लोखंडानं वाढायचं ठरवलं होतं आणि माझ्या चुन्यानं नाही म्हटलं होतं.

चाचा तापात उठून आले, अंगावर घोंगडी आणि हातात हातोडी. एकदा दगडाकडं बघितलं, एकदा ओट्याकडं, एकदा माझ्याकडं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. खाली बसले आणि ओट्याला हात लावून थांबले. देवाचा ओटा, आणि फोडणार कोण, तर चाचा. तोवर गावातल्या बाया जमल्या होत्या. चाचा सखूबाईंना म्हणाले, "माय, ह्याचं नाव सरकोबा, आन आमी ह्याला कोंडून ठिवलं. तुमीच सांगा, काय करावं?"

सखूबाईंनी कान लावला. लोखंड अजून कण्हत होतं. त्यांनी आपली काठी वर घेतली आणि ओट्यावर पहिला दणका त्यांनीच घातला. मग सगळ्याच बाया लागल्या. माझ्या दोन आठवड्यांच्या मेहनतीला त्यांना अर्धा तास पुरला. पूल बोटभर सरकला, कण्हणं थांबलं आणि बायांनी हात जोडले.

आठ दिवसांनी बडे साहेब आले. हैद्राबादचे, उंच, हातात वेताची छडी, बोलणं थोडं. त्यांनी तडकलेला चिरा बघितला, लोखंडाला चिकटून राहिलेला चुना बघितला, आणि म्हणाले की टोक असं अडकून राहिलं असेल तर पूल आतून पिळवटला असणार. दोन इंजिनं वर उभी करून बघू. किती लवतो ते बघू. लवला तर भट्टी.

चाचांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

पुलाच्या पोटाला मधोमध एक काठी उभी टांगली आणि तिच्याशेजारी ओढ्यात रेघा आखलेली फळी रोवली. पूल लवेल तशी काठी खाली येणार. रेघ वाचायला खाली कुणीतरी उभं पाहिजे होतं, आणि दोन इंजिनांच्या खाली उभं राहायला कुणी पुढं होईना. मीही झालो नाही. माझं लग्न नवं होतं. चाचा उतरले, पुलाखाली वाळूवर घोंगडी अंथरली आणि टेकले.

पहिलं इंजिन आलं. मग दुसरं. दोन्ही धापा टाकत पुलावर उभी राहिली. आम्ही काठावर. साहेबांनी वरून हाक मारली की रेघ कितवी. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. साहेब छडी टेकत घाईघाईनं खाली उतरले, त्यांच्या मागं आम्ही. बघतो तर दस्तगीरचाचा पुलाच्या बरोबर खाली उताणे पडून घोरत होते. ताप उतरल्यावर माणसाला झोप लागते, त्यात वर इंजिनांची ऊब. साहेबांनी रेघ स्वतः वाचली. काठी जेमतेम हलली होती. साहेब बराच वेळ त्या घोरण्याकडं बघत उभे राहिले आणि मग त्यांनी सोबतच्या कारकुनाला सांगितलं, "लिखो. बीदर."

चाचांना उठवलं, सांगितलं. ते उठून आधी पुलाकडं गेले आणि एका रिबिटावर टक् करून आले. टोपी काढून पुन्हा घातली, पुन्हा काढली. मला म्हणाले, "बघ बे, म्हनलं व्हतं ना? पुलासंग आलो..."

वाक्य पुरं झालं नाही, कारण साहेबांनी तेवढ्यात छडी तडकलेल्या चिऱ्यावर आपटली. "और ये किसने बनाया था?"

मी पुढं झालो. कुणी काही म्हणो, मी पुढं झालो होतो, पाऊल उचललं होतं, तोंडही उघडलं होतं. पण त्याच वेळी चाचांची नालाची चप्पल माझ्या पायाच्या अंगठ्यावर अशी पडली की माझ्या तोंडून नुसतं "आ" निघालं.

"मैंने, साब," चाचा म्हणाले.

साहेबांनी त्यांच्या दाढीकडं बघितलं, मग शेंदराकडं. "तुमने? ये चबूतरा?"

"हौ साब. बुढापा है. अक्कल सरक गयी."

साहेबांना ते खोटं आहे हे कळलं होतं. मलाही कळलं की त्यांना कळलं. पण कागदावर एक नाव लागत होतं आणि नाव मिळालं होतं. ते म्हणाले की ज्यानं लाटण्यांभोवती ओटा बांधला त्याला मी पुलाजवळ राहू देणार नाही, या जुन्या पुलाच्याही नाही आणि येणाऱ्या नव्याच्याही नाही. पूल बीदरला जाईल. हा माणूस इथंच स्टेशनावर राहील.

साहेब गेल्यावर मी चाचांना गाठलं. अंगठा सुजला होता, त्यामुळं राग आणखी आला होता. विचारलं, "कावून केलं असं, चाचा? चूक माझी व्हती. मी सांगनार व्हतो."

"तुला काढलं असतं."

"काढलं असतं तर काढलं असतं."

"मंग? पुलाला धराया एवढी रिबिटं हायेत. तुला धराया काय हाय बे? एक बायकू. ती बी नवी." असं म्हणून ते हातोडी खांद्यावर टाकून चालू लागले, आणि दहा पावलांवर थांबून म्हणाले, "आन मला सांग, इतभर म्हनलं व्हतं का न्हाई?"

मी म्हणालो, म्हनलं व्हतं.

"बस," ते म्हणाले.

नवा पूल जुन्याच्या शेजारी लाकडी ठोकळ्यांच्या थरावर तयार झाला. जाळ्याबिळ्या काही नाहीत, नुसत्या दोन जाड लोखंडी भिंती. सकाळची गाडी गेल्यावर जुना बाजूला ओढायचा, नवा त्याच्या जागी सरकवायचा आणि संध्याकाळची गाडी त्यावरून सोडायची, असा बेत होता. जुन्या पुलाखाली आडवे रूळ घातले, त्यांना वंगण लावलं, साखळ्या लावल्या, पंचवीस माणसं लागली. पूल हलेना. वंगण संपलं. दुपार टळायला आली. साहेब घड्याळ बघायचे, मुकादम साहेबांकडं बघायचा आणि आम्ही मुकादमाकडं. तेवढ्यात सखूबाई आल्या, मागं गावातल्या बाया, प्रत्येकीच्या कडेवर करडईच्या तेलाचं बुधलं. देवाला तेल लागतं, एवढंच त्यांचं म्हणणं. सगळं तेल रुळांवर ओतलं. चाचांनी साखळीला हात लावला, कुणाची परवानगी न विचारता, आणि "या अली" म्हणाले. आम्ही "सरकोबाच्या नावानं" म्हणालो. पूल सरकला. असा सरकला की पुढचे चौघे ओढ्यात पडले. संध्याकाळची गाडी नव्या पुलावरून वेळेवर गेली, आणि त्या वर्षी गावात दसऱ्यापर्यंत करडईचं तेल मिळालं नाही.

मग जुना पूल सोडवला. तुकड्यांवर पुन्हा पांढरे आकडे पडले. वाघिणीत एकेक तुकडा चढायचा तेव्हा चाचा एकेक वाजवून घ्यायचे. शेवटी लाटणी चढली. हमाल शेंदूर खरवडायला लागला तर त्याला म्हणाले, "राहू दे. नवीन जागी जातोय. वळखीचं काही असू दे अंगावर." गाडी हलली तेव्हा वाघिणीत घोंगडी टाकून कुणी बसलेलं नव्हतं.

स्टेशनावर चाचांना घंटा वाजवायचं काम मिळालं. घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा आणि लोखंडी टोला. हातोडीवाल्याला शेवटी तेच मिळावं, यात मला तरी सरकोबाचा हात दिसतो. पण चाचा घंटा वाजवायचे ती ऐकण्यासाठी. एक टोला द्यायचे आणि तो पुरा विरेपर्यंत डोळे मिटून उभे राहायचे, मग दुसरा. गाडी सुटायची घंटा पुरी होईपर्यंत गाडी पुलापलीकडं गेलेली असायची. पहिल्याच महिन्यात त्यांनी मास्तरांना कळवलं की हा रूळ आतून तडकलेला आहे, घंटा बदला. मास्तर म्हणाले, घंटेवरून गाडी जाणार आहे का? चाचा म्हणाले, "गाडी न्हाई जानार. पर मानसं तिच्या भरवशावर उठत्यात ना?"

दर चैत्रात ते चार दिवस रजा काढून लेकीकडं जायचे. परत आले की बोटांच्या पेरांना केशरी रंग असायचा. एकदा विचारलं तर म्हणाले, लेकीच्या घरी भिंत रंगवायला काढली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. म्हणाले, "तीच भिंत. लई मोठी हाय." मी म्हणालो, असेल. वडगावात वाडे मोठे असतात.

पुढं चाचा थकले. एका सकाळी त्यांनी घंटेचा एक टोला दिला, डोळे मिटून ऐकलं आणि दुसरा दिलाच नाही. टोला मास्तरांच्या हातात देऊन घरी गेले ते पुन्हा स्टेशनावर आले नाहीत. मी रोज जाऊन बसायचो. मुद्दाम घसा खाकरून बोलायचो, आवाज बरा यावा म्हणून. शेवटच्या दिवसांत त्यांनी उशाखालची हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चैतात एकदा बीदरकडं जाऊन ये. वाजवून बघ." मी हो म्हणालो. या वेळी सांगितलं तसंच करायचं, असं मनाशी धरून हो म्हणालो. त्यानंतर पाचव्या दिवशी ते गेले. कबरीवर माती लोटून झाल्यावर मी हाताच्या मुठीनं ती हलकीच दाबून बघितली. घट्ट होती.

चैत्रात मी गेलो. दोन गाड्या बदलल्या, मग तीन कोस पायी. लांबूनच ओळखलं, त्याच जाळ्या, तोच त्रिकोणाला त्रिकोण. पुलापाशी एक तरणा चौकीदार होता. मी त्याला काही न सांगता रिबिटं वाजवायला लागलो. तो आधी चकित झाला, मग हसला. म्हणाला, "तुमी बी? एक म्हातारे मियाँ दर चैतात यायचे, आसंच ठोकत बसायचे. औंदा न्हाई आले."

माझा हात थांबला. दर चैत्रात.

मी लाटण्यांच्या टोकाला गेलो. लाटण्यांवर ताजा शेंदूर होता, पुढं नारळाची करवंटी होती, दगडावर छिन्नीच्या दोन रेघा होत्या आणि पूल बरोबर चैत्राच्या रेघेवर आला होता. आणि पुढं ओटा होता. साधाच होता, चिरे काही फार घासलेले नव्हते. पण ओट्याच्या आणि लोखंडाच्या मधे जागा होती. मी वीत लावून बघितली. बरोबर इतभर.

"ह्यो कुनी बांधला?" मी विचारलं.

"त्याच म्हाताऱ्यांनी. आमचे लोक चिटकून बांधाया निघाले व्हते. ते म्हनले नक्को, देवाला पाय हलवाया जागा ठिवा. त्यांच्याकडं म्हनं एका भरीव डोक्याच्या गड्यानं चिटकून बांधला व्हता, तर दगूड फुटला. लई हसायचे त्याचं सांगून." चौकीदार स्वतःच हसायला लागला. "तुमी तिकडचेच ना? वळखता का त्या गड्याला?"

मी त्याला जवळ बोलावलं. हातोडी उलटी धरली आणि दांड्यानं आपल्या कपाळावर टक् टक् असं दोनदा वाजवलं.

त्यानं कान पुढं करून नीट ऐकलं. "हौ की," तो म्हणाला. "भरीव हाय."